अंथरुणाला खिळलेल्यांच्या समाचाराला जाताना: प्रार्थनेच्या आधी आणि नंतर हातांनी काय करायचं?

धर्मग्राम_वसई

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातलं 'मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात' हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण समाचार म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा पाच-सहा जणांनी जायचं, पलंगाभोवती बसायचं, एक गायन, एक प्रार्थना, चहा, आणि निघताना फळांची पिशवी ठेवायची. ज्याला चावता येत नाही त्याच्या उशाशी सफरचंदं सुकत राहतात. कपबश्या मात्र त्याच सुनेला विसळाव्या लागतात, जिला सकाळपासून पाठ टेकायला मिळालेली नसते.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, बारा जणांचा गट बांधायचा आहे. पक्षाघात झालेले, खुब्याचं हाड मोडून पडून राहिलेले, कर्करोगाचे, विसरभोळेपणाचा आजार जडलेले, असे लोक घराघरात आहेत. दवाखान्यातून घरी पाठवल्यावर पुढे काय करायचं, हे घरच्यांना फारसं कुणी दाखवत नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं: पहिल्या भेटीत काय पाहायचं, कूस कशी बदलायची, भरवायचं कसं, कागदपत्रांचं काय, आणि काय करू नये. आपापले अनुभव नकोत, कृती सांगा.

नगरची_मंडळी

पहिलं काम यादी. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या ६व्या अध्यायात तक्रार काय होती? रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. त्यावर प्रेषितांनी उपदेश करून भागवलं नाही, सात माणसं नेमली. आपल्याही मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, वगळले जाणारे ठरलेले असतात: वर्गणी थकलेले, दुसऱ्या गावाहून येऊन भाड्याने राहणारे, लग्न मंडळीबाहेर झालं म्हणून दुरावलेले, आणि ज्यांच्या घरी दारू आहे म्हणून कुणी पायरी चढत नाही ते. यादी सभासदांच्या वहीवरून केलीत तर हे लोक सुटतील. गल्लीतल्या औषधाच्या दुकानदाराला आणि आशाताईंना 'कुणाच्या घरी डायपर जातात' एवढं विचारा, यादी दुप्पट होईल. मात्र घरच्यांची संमती घेतल्याशिवाय कुणाचं नाव यादीत चढवू नका.

दोघांनीच जायचं. गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल या कॅथलिक संस्थेची १८३३ पासूनची रीत हीच आहे, जोडीने घरभेट. जोडीत एक बाई असलेली बरी. वार आणि वेळ ठरलेली हवी, कारण पडून असलेल्या माणसाचा सगळा आठवडा त्या वेळेकडे डोळे लावून असतो. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. भेट चाळीस मिनिटांची. चहा घ्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका म्हणजे दर वेळी आग्रह मोडावा लागत नाही. सर्दी-खोकला असेल तर स्वतः जाऊ नका, जोडीदाराबरोबर दुसऱ्याला पाठवा. दारातून आत गेल्यावर आधी साबणाने हात धुवायचे, मग हात हातात घ्यायचा.

सिस्टर_शुश्रूषा

घरी पडून असलेल्या माणसाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाठ फुटणं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं आणि मांस आतून मरायला लागतं. वरून फक्त लाल डाग दिसतो तेव्हा आत बरंच बिघडलेलं असू शकतं. जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, दोन्ही टाचा, खुबे, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, आणि एका कुशीवर बराच वेळ असेल तर कानाची पाळी.

गटातल्या बाईने बाईला आणि पुरुषाने पुरुषाला, घरच्या माणसाला सोबत घेऊन, या जागा बघाव्यात. लाल डागावर बोट तीन सेकंद दाबा आणि सोडा. क्षणभर पांढुरका होऊन परत लाल झाला तर रक्त वाहतं आहे. दाब काढला की तो डाग जाईल. तसाच लाल राहिला तर जखम सुरू झालेली आहे. सावळ्या कातडीवर ही खूण नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा जागा जास्त गरम, घट्ट किंवा जांभळट लागते का ते हाताने पाहा. चांगल्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून पाहा.

कूस दर दोन तासांनी बदलायची: डावी, पाठ, उजवी. भिंतीवर कागद चिकटवा आणि वेळा लिहून खूण करत जा. तोंडी हिशेब राहत नाही, दुपारी कुणीतरी 'आत्ताच वळवलं' म्हणतं आणि चार तास उलटून जातात. कुशीवर म्हणजे थेट खुब्यावर नाही. पाठीमागे घडी केलेली गोधडी किंवा उशी लावून तिरकं, साधारण तीस अंशात, म्हणजे भार ढुंगणाच्या मांसल भागावर येतो. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पाठीवर निजवलं की पोटऱ्यांखाली उशी घाला, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. टाच आणि चादर यांच्यामधून तुमचा तळहात सहज गेला पाहिजे.

आता काय करू नये. लाल जागा चोळू नका. चोळल्याने रक्त येत नाही, आतल्या बारीक नसा तुटतात. स्पिरिट लावू नका, कातडी कोरडी पडून तडकते. मधे भोक असलेली हवेची रबरी चकती माकडहाडाखाली देऊ नका, तिच्या कडेने रक्त अडतं. पावडरीचा थर देऊ नका, घामात तिच्या गुठळ्या होऊन त्या घासतात. बधिर पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. टाचेवर कोरडी काळी खपली असेल तर ती ओढून काढू नका.

जखम उघडी झालीच तर मिठाचं पाणी: अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून उकळा, झाकून थंड करा आणि त्याच दिवशी संपवा. त्याने धुवायची. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, राख यातलं काहीही उघड्या मांसावर नको. घाण वास, पू, भोवती गरम लाली, ताप, नवाच गोंधळलेपणा किंवा तळाशी हाड दिसणं, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

फिजिओ_पुणे

सिस्टरांच्या म्हणण्यात वळवण्याची रीत जोडतो, कारण खांदे निखळतात ते इथेच. पक्षाघात झालेला हात धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा नुसता आतल्या अस्थिबंधांच्या आधारावर लोंबतो. काखेत हात घालून वर उचलणंही तितकंच वाईट.

समजा उजवीकडे वळवायचं आहे. आधी माणसाला पलंगाच्या डाव्या कडेकडे सरकवून घ्या, नाहीतर वळल्यावर तोंड कडेवर येतं. मग तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहा. त्यांना सांगा, 'आजी, आता माझ्याकडे वळायचंय.' बेशुद्ध वाटत असलेल्या माणसालाही सांगा. डावा गुडघा दुमडून पाय रोवून ठेवा. डावा हात छातीवर आडवा. तुमचा एक हात त्यांच्या डाव्या खांद्यामागे, दुसरा डाव्या खुब्यामागे, आणि 'एक, दोन, तीन' म्हणून स्वतःकडे ओढा. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. वळल्यावर खाली आलेला खांदा अलगद थोडा पुढे काढा, तो अंगाखाली दबून राहायला नको.

वर सरकवायला खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी सुती चादर दुहेरी करून आडवी घाला आणि दोन बाजूंनी दोघांनी ती धरून उचला. घसटत ओढलंत तर माकडहाडावरची कातडी सोलते. जुनी मऊ नऊवारी यासाठी उत्तम.

हवेच्या गादीबद्दल: पंप लावलेली, आळीपाळीने फुगणारी घ्या. ती घेतली की लोक कूस बदलणं सोडतात, ती चूक करू नका. रात्री अंतर वाढवता येतं, पण कातडी पाहून. गादीवर एकच पातळ चादर हवी. वर गोधडी, प्लॅस्टिक आणि परत चादर असे थर घातले की हवेचा उपयोग संपला. माणूस निजलेला असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेची गादी आणि खालची गादी यांच्यामध्ये तळहात घाला. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. वर बोटभर तरी हवेचा थर जाणवायला हवा. वीज गेली की पंप बंद पडतो. भारनियमन असलेल्या गावात या तासांत कोण लक्ष देणार हे आधी ठरवा.

मालवणची_सून

पक्षाघातानंतर सासऱ्यांसारख्या माणसाला पेज चालते, पण पाणी पाजलं की ठसका लागतो. पाणी तर सगळ्यांत हलकं, मग असं का?

सिस्टर_शुश्रूषा

ताई, पाणी पातळ असल्यामुळेच. ते जिभेवरून इतक्या झपाट्याने घशात उतरतं की श्वासनळीचं झाकण मिटायच्या आत पोचतं. दाट पदार्थ सावकाश जातो, तेवढी सवड मिळते. म्हणून नाचणीची आंबील, खिमट, मऊ गुरगुट्या भात, मुगाचं घट्टसर कढण, घोटलेलं केळं, दही हे सोपं पडतं. वरण-भातात डाळीचं पाणी वेगळं आणि शीत वेगळं असेल तर तेही नको. एकजीव हवं.

भरवण्याआधी तीन गोष्टी: पूर्ण जागे आहेत ना, सांगितल्यावर खोकता येतं ना, आवाज स्वच्छ आहे ना. झोपाळलेल्या माणसाला भरवायचं नाही, कितीही उपाशी असला तरी. ताठ बसवा, पाठीला उशा लावा, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून घोट ओतणं सर्वांत धोक्याचं. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. उभं राहून भरवलं की ते वर बघतात आणि मान मागे जाते. अर्धा चहाचा चमचा, तोंडाच्या चांगल्या बाजूला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की पुढचा. मधूनमधून 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला, घुरघुरता आला तर थांबा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात घास साठला आहे का ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून पाहा. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

काहींना ठसका लागतच नाही, अन्न गुपचूप फुप्फुसात जातं. वारंवार ताप आणि छातीत घरघर ही त्याची खूण. अशांना गिळण्याची तपासणी लागते, घरी प्रयोग नकोत. दिवसातून दोनदा तोंड स्वच्छ करा आणि कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. तोंडातले जंतू फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, म्हणून तोंडाची स्वच्छता हासुद्धा औषधाचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट, जी हमखास चुकते: चार-पाच दिवस शौचाला झालेलं नाही आणि अचानक पातळ गळायला लागलं, तर ते जुलाब समजून बंद होण्याची गोळी देऊ नका. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. तीन दिवस झालं नाही की डॉक्टरांना विचारायचं.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी पोटाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता. पलंगाच्या चौकटीला अडकवा. कूस बदलताना ती पलंगावर ठेवली की लघवी उलट जाते, ताप तिथूनच येतो.

कागदपत्रवाले_काका

गटात एक जण फक्त कागदांसाठी ठेवा.

निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ. दोन्हींत साधारणपणे महिन्याला १५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५००. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे २१,००० रुपये, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूमार्फत. अडतं कुठे, तर वयाच्या पुराव्यावर आणि आधारला खातं न जोडल्यावर. वयासाठी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतला उतारा काढून ठेवा. जिथे तो एकटा चालत नाही तिथेही शाळेचा दाखला शोधायला त्यातली तारीख कामी येते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात आणि घरच्यांना महिनोन्‌महिने कारण कळत नाही. गटाच्या वहीत प्रत्येकाच्या दाखल्याचा महिना लिहा.

बोटांचे ठसे झिजलेले असतात किंवा दुकानापर्यंत जाता येत नाही, म्हणून रेशन बुडतं. त्यासाठी नॉमिनी नोंदवता येतो. अंथरुणावरच्या माणसाचं आधार अद्ययावत करायला घरी येण्याची सोय आहे, शुल्क भरून मागणी करावी लागते. ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते भरती झाल्यावर. घरच्या डायपरला आणि गादीला त्यातून पैसा मिळत नाही, गटाचा निधी तिथे लावा.

मुलं बघत नाहीत अशी घरं असतील तर २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा, निर्वाहखर्च महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत. स्वतः जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. पण आधी पाळकसाहेबांनी किंवा फादरांनी मुलाशी चार शब्द बोलावेत. पुष्कळदा मुलगा दुष्ट नसतो, कर्जात असतो. घर मुलाच्या नावे बक्षीस करायला निघालेल्या म्हाताऱ्यांना एवढंच सांगा: 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात असू द्या. ती अट मोडली तर कलम २३ खाली दस्त रद्द करून घेता येतो.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, रुग्णवाहिका १०८. दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत उशाशी चिकटवा.

सोलापूरकर

पैशांबाबत माझं स्पष्ट मत: हातात रोख देऊ नये. औषधाच्या दुकानात खातं ठेवा, बिल गटाने भरा. दोन सह्या, एक वही, आणि महिन्याला हिशेब. नावं मात्र मंडळीत वाचून दाखवू नका, फोटो तर अजिबात काढू नका. मदत घेतानाचा फोटो त्या घराला आयुष्यभर टोचतो.

नगरची_मंडळी

रोख कधीच नको, हे पटत नाही. एकट्या बाईला रिक्षाला, मोबाइलच्या रिचार्जला, नातवाच्या हातावर ठेवायला चार पैसे लागतात. प्रत्येक रुपयाची पावती मागितली की तिचं मोठेपण जातं. औषधं दुकानात, पण महिन्याला थोडी रक्कम पाकिटात, न विचारता. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या बायकांना नुसतं जेवू घातलं नाही. विणकाम, छपाई शिकवली, पुढे पवित्र शास्त्र छापलं ते त्या बायकांच्याच हातांनी. पडून असलेल्या माणसालाही काम द्या. प्रार्थनेच्या विनंत्यांची चिठ्ठी दर आठवड्याला त्यांच्याकडे द्या, वाढदिवसाचे फोन त्यांच्याकडे सोपवा. घेण्याबरोबर देणंही राहिलं पाहिजे.

धर्मग्राम_वसई

दोघांचं मिळून ठरवू: औषध आणि सामान दुकानातून, पाकीट वेगळं.

आता प्रार्थनेचं. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली (चर्चमधल्या उपासनेतली) पवित्र भाकर, नेमलेल्या सेवकानेच न्यायचा. आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तो घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासाचं बंधन नाही, हे घरच्यांना सांगा; नाहीतर त्या भीतीने सकाळची गोळी चुकवतात. वर सिस्टरांनी सांगितलेले गिळण्याचे नियम इथेही लागू: बसवून, अगदी बारीक तुकडा, आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलेलं पेय चमच्याने. गिळता येत नसेल तर आग्रह नको. याकोबाच्या पत्रातल्या ५:१४ प्रमाणे तैलाभ्यंगासाठी (आजाऱ्याला प्रार्थनेसह पवित्र तेल लावण्यासाठी) फादरांना अगदी शेवटच्या घटकेला बोलावू नका. माणूस शुद्धीवर असताना, स्वतः 'आमेन' म्हणू शकतो तेव्हा बोलवा.

आणि घर ख्रिस्ती नसेल तर? यादीत शेजारपाजारचेही येणार.

मालवणची_सून

तिथे प्रार्थना त्यांनी मागितली तरच. मदत आणि प्रार्थना यांची गाठ मारली की त्या घराला वाटतं, हे काहीतरी बदल्यात मागतायत. कूस बदला, चादर बदला, निघून या. त्यांच्या देव्हाऱ्यातला दिवा लावायचा राहिला असेल तर त्यांच्या माणसाला आठवण करा. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले. जखमीला त्याने काही विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

सिस्टर_शुश्रूषा

विसरण्याच्या आजाराबद्दल थोडक्यात. वाद घालू नका. 'आई कुठे आहे?' विचारलं तर 'ती वारली ना' हे रोज नव्याने सांगणं म्हणजे रोज नवं दुःख. 'आईची आठवण येतेय का? काय करायची ती?' असं विचारा. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून भेट सकाळी ठेवा. खिशात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका. बोलणं गेलं तरी लहानपणीची गायनं आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ओठांवर येतं. सावकाश म्हणा, मधे थांबा, त्यांना शब्द सापडू द्या.

कर्करोगाच्या दुखण्याबद्दल: 'सोसा, प्रभूनेही सोसलं' असं कुणाला म्हणू नका. वेदना कमी करणारं औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. मॉर्फिन डॉक्टरांनी दिलेलं असेल तर दुखायची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायचं, आणि त्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध रोज. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून अशाच रुग्णांसाठी आहे, देशातलं पहिलं. घरी आवरेनासं झालं की अशा ठिकाणी नेणं म्हणजे टाकून देणं नव्हे, हे घरच्यांना सांगावं लागतं.

फिजिओ_पुणे

सांभाळणारी बाई यादीत स्वतंत्र नावाने लिहा. तिला आठवड्यातून दोन तास घराबाहेर जाता आलं पाहिजे: मिस्साला, बाजारात किंवा नुसतं बहिणीकडे. 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, ती सांगणार नाही. 'बुधवारी तीन ते पाच आम्ही दोघं बसतो' असं म्हणा. तिने जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: पुढची गोळी कधी, शेवटची कूस कोणती, काय भरवायचं, तिचा नंबर.

आणि एक कडक नियम. घरात मूल किंवा मतिमंद व्यक्ती असेल तर कुणीही एकट्याने खोलीत बसायचं नाही, दार उघडं राहील. कोणत्याही मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे: पोलीस किंवा १०९८. आधी मंडळीत मिटवू, असं म्हणायचं नाही, आरोप कुणावरही असो.

मालवणची_सून

रात्रीचं विचारायचं राहिलं. घरात एकटीच असेल तर दर दोन तासांनी कशी उठणार?

फिजिओ_पुणे

ताई, एकटीने रात्रभर ते होत नाही. हवेची गादी असेल आणि कातडी स्वच्छ असेल तर रात्री अकरा, तीन आणि सात, असं चालू शकतं. सकाळी सातला टाचा आणि माकडहाड बघायचं. डाग दिसला तर त्या रात्रीपासून मधली एक वेळ वाढवायची. पूर्ण वळवणं जमलं नाही तर पाठीमागची उशी काढून घेणं किंवा दुसऱ्या बाजूला सरकवणं एवढं तरी करा, त्यानेही दाबाची जागा बदलते.

धर्मग्राम_वसई

मग रात्री अकराचं वळवणं गटाने वाटून घ्यायला हवं. एकाच गल्लीतली दोन घरं आठवड्यातल्या तीन रात्री तरी घेऊ शकतील. रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात पलंग मांडतोय, आडवी चादर आणि चार उशा घेऊन. एकाने निजायचं, बाकीच्यांनी वळवून बघायचं.

सिस्टर_शुश्रूषा

निजणाऱ्याला दहा मिनिटं अजिबात हलू देऊ नका. टाचांना काय वाटतं ते त्याच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू द्या, मग वळवायला घ्या.